मागच्या बाकावर बसणाऱ्यासाठी

चर्चच्या दाराशी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा चपला काढायच्या की नाही, एवढंही मला ठाऊक नव्हतं. नंदुरबारची मे महिन्यातली सकाळ, नऊलाच ऊन चटके देत होतं. आत गाणं सुरू होतं आणि मी बाहेर कडुनिंबाखाली दहा मिनिटं मोबाईल बघत उभा. शेवटी एक म्हाताऱ्या मावशी बाहेर आल्या. कोण, कुठले, काहीच विचारलं नाही. पदराने घाम पुसत म्हणाल्या, "या भाऊ, पंखा आत आहे."

मी मूळचा अमळनेर तालुक्यातला. घर वारकरी. वडिलांच्या गळ्यात माळ होती, आईच्या देव्हाऱ्यात कुलदेवी आणि श्रावणात कानबाई, आमच्या खानदेशातली देवी. नोकरी कृषी सेवा केंद्रात, बियाणं-खतांच्या दुकानात. चार वर्षं झाली, बहुतेक रविवारी त्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतो. बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी, घेतलेला नाही. पुढे घेईन की नाही, हे आज सांगता येत नाही. या चार वर्षांत दोन-तीन ओळखीच्यांनी बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मलाही यायचंय, पण मला पटत काहीच नाही. चालेल का?" चालेल. ज्याला येशूविषयी ओढ वाटते, पण बुद्धी अडते, घरच्यांची धास्ती वाटते आणि विचारायला कुणी नाही, त्याच्यासाठी हे लिहितो आहे. कुणाला ख्रिस्ती करण्यासाठी नाही आणि कुणाला त्यापासून दूर ठेवण्यासाठीही नाही.

आधी वही घ्या

पहिलं काम चर्चमध्ये जाण्याचं नाही, घरी बसून करायचं आहे. शंभर पानी वही आणा आणि आपला संशय नेमका कशाबद्दल आहे ते लिहा. "माझा विश्वास नाही" एवढं लिहून भागत नाही. देव आहे की नाही याचा संशय वेगळा. येशू नावाचा माणूस खरंच होऊन गेला का, हा वेगळा. मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला हे मानणं वेगळं. "हा इंग्रजांचा धर्म" ही अढी आणखी वेगळी. आणि पुष्कळदा ज्याला आपण संशय म्हणतो तो खरं तर राग असतो. वडील गेले त्या वर्षी माझं तसंच झालं होतं. मला देवाच्या अस्तित्वाचे पुरावे नको होते, मला त्याच्याशी भांडायचं होतं. हे मला वही लिहिताना कळलं.

अमळनेरला प्रताप शेटजींच्या दातृत्वातून 1916 साली तत्त्वज्ञानाची संस्था उभी राहिली. आमच्या गावाकडची म्हातारी माणसं तिच्याबद्दल अजून अभिमानाने बोलतात. प्रश्न विचारणं ही आपल्या भागाला परकी गोष्ट नाही. वहीतले प्रश्न कुणापुढे ठेवताना संकोच वाटला तर हे आठवा.

यातल्या काही प्रश्नांची उत्तरं इतिहासात सापडतात, ती आधी बाजूला काढा. येशू होऊन गेला का? इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला टॅसिटस नावाच्या रोमन इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे की तिबेरियस बादशहाच्या काळात पंतय पिलाताच्या हुकुमाने ख्रिस्ताला मृत्युदंड झाला. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांबद्दल काडीचं प्रेम नव्हतं, म्हणून त्याची साक्ष वजनदार. एवढ्याने येशू देवाचा पुत्र ठरत नाही. पण ती कुणी रचलेली कहाणी होती, हा संशय तरी मावळतो.

इंग्रजांचा धर्म का? येशू पश्चिम आशियातला यहुदी, त्याची मातृभाषा अरामी. केरळातले जुने ख्रिस्ती आपली परंपरा थेट येशूच्या शिष्यापर्यंत, प्रेषित थोमापर्यंत नेतात आणि तो इ.स. 52 मध्ये तिथे उतरला असं मानतात. त्या सालाबद्दल विद्वानांत वाद आहेत, पण युरोपीय लोक भारतात येण्याच्या कितीतरी शतकं आधीपासून केरळात ख्रिस्ती होते, यात वाद नाही. खानदेशात मात्र धर्म आला तो मिशनऱ्यांबरोबर, इंग्रजी अमलातच, हेही तितकंच खरं. 1818 नंतरचा काळ, पुढे छप्पन्न्याचा (1899-1900) दुष्काळ, अनाथ पोरं, शाळा, दवाखाने, आणि त्याच्याच जोडीला धर्मप्रसार. यातलं चांगलं आणि खटकणारं, दोन्ही वहीत लिहा. चिंचपाड्याचं मिशन हॉस्पिटल 1942 पासून त्या आडबाजूला रोगी बघतं आहे. माझ्या दुकानात येणाऱ्या नवापूरकडच्या कित्येक शेतकऱ्यांच्या घरातली बाळंतपणं तिथली. ते बघून धर्म खरा ठरत नाही. पण "हे लोक इथे कशाला आले" या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, हे उमगतं.

मग मार्क वाचा

बायबल पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. मी घेतलं होतं. उत्पत्ती गोष्टीसारखी वाचून झाली, निर्गम अर्ध्यापर्यंत नेलं, लेवीयाच्या यज्ञविधींत अडकलो आणि सहा महिने पुस्तक कपाटात गेलं. बायबल म्हणजे एक पुस्तक नव्हे, ती पुस्तकांची पेटी आहे. प्रॉटेस्टंट बायबलात 66 पुस्तकं, कॅथलिक बायबलात 73. फरक जुन्या करारात, म्हणजे येशूच्या आधीच्या भागात आहे. नव्या करारातली 27 दोघांचीही सारखीच. पैकी चार शुभवर्तमानं येशूच्या चरित्राची, आणि त्यांतलं सगळ्यात छोटं मार्कचं: 16 अध्याय. बहुतेक अभ्यासक ते इ.स. 70 च्या आसपासचं आणि चारांत सगळ्यात जुनं मानतात. सलग वाचलं तर एका दुपारीत होतं. मी म्हणेन, रात्री जेवणानंतर एक अध्याय, सोळा दिवस.

भाषांतर कोणतं घ्यावं? एक जुन्या वळणाचं, चर्चमध्ये सहसा वाचतात ते. त्याची मराठी भारदस्त आहे, पण "तो त्यांस म्हणाला" अशा वाक्यांना सवय लागते. दुसरं सोप्या मराठीतलं. सुरुवातीला सोपं घ्या. दोन्ही छापील मिळतात आणि मोबाईलवर फुकटही. संदर्भ कसा वाचायचा तेही सांगतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं: मार्क 4:26 म्हणजे मार्कच्या पुस्तकातला चौथा अध्याय, सव्वीसावं वचन.

वाचताना पेन्सिल हाताशी ठेवा आणि तीन खुणा करा. जे आवडलं तिथे रेघ, जे कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, जे पटलं नाही तिथे फुली. माझ्या प्रतीत फुल्या खूप आहेत. डुकरांच्या कळपात भुतं शिरतात तिथे अजून फुली आहे. चौथ्या अध्यायात मात्र मी थांबलो. तिथे येशू सांगतो: माणूस जमिनीत बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, बी रुजतं, वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. मी रोज सरकीची पाकिटं विकणारा माणूस. उगवणक्षमता, बीजप्रक्रिया, ओल किती लागते, सगळं मला पाठ. तरी पहिल्या पावसानंतर आठव्या दिवशी शेतात दोन पानांवर आलेला कापूस बघताना शेतकरी जसा गप्प होतो, तो गप्पपणा मी पाहिलेला आहे. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, हा बोलणारा माणूस ओळखीचा आहे.

संशय घेणाऱ्यांनी मार्कमधल्या तीन जागा चुकवू नयेत. तिसऱ्या अध्यायात येशूच्या घरचेच त्याला आवरायला निघतात, याचं भान सुटलंय असं लोकांना वाटत असतं. नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, आणि त्याच दमात, माझ्या अविश्वासाला तुम्हीच मदत करा. येशू त्याला परत पाठवत नाही, मुलाला बरं करतो. तिसरी जागा म्हणजे शेवट. सोळाव्या अध्यायात बायका पहाटे कबरेकडे जातात, कबर रिकामी बघतात आणि घाबरून पळतात. सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत मजकूर आठव्या वचनाशीच संपतो. पुढचा भाग मागाहून जोडलेला, आणि बहुतेक छापील बायबलं ते कंसात किंवा तळटीपेत सांगतात. ज्यांच्या श्रद्धेचा पाया हे पुस्तक आहे, ते इतकी महत्त्वाची गोष्ट लपवत नाहीत, याचं मला त्या वेळी फार अप्रूप वाटलं होतं.

मार्क झाल्यावर लूकचा पंधरावा अध्याय, मत्तयाचे 5 ते 7, मग योहान. मग पौलाचं, म्हणजे पहिल्या पिढीतल्या ख्रिस्ती प्रचारकाचं, करिंथकरांस पहिलं पत्र. ते इ.स. 55 च्या सुमाराचं. त्याच्या पंधराव्या अध्यायात पौल उघड लिहितो की ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर आमचा उपदेशही फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट. पुनरुत्थान हा ख्रिस्ती श्रद्धेचा कणा आहे. "येशू चांगला गुरू होता, त्याची शिकवण घ्यावी, बाकी सोडावं" असं आपण सहज म्हणतो. मीही दोन वर्षं म्हणत होतो. पण पौल ती पळवाट ठेवत नाही. माझ्या वहीत हा प्रश्न सगळ्यात मोठ्या अक्षरात आहे आणि अजून उघडा आहे.

चर्च कोणतं निवडावं

खानदेशात एकाच छापाची चर्चेस नाहीत. भुसावळला रेल्वेमुळे वस्ती मिसळलेली: गोव्याची, दक्षिणेची, अँग्लो-इंडियन कुटुंबं येऊन राहिली, त्यामुळे तिथे मराठीबरोबर इंग्रजी-हिंदीही कानावर पडते. नवापूर, चिंचपाडा भागात गावित, मावची, भिल्ल समाजातली मंडळी मोठी आणि प्रार्थना पुष्कळदा त्यांच्याच बोलीत. धुळे, नंदुरबार, जळगावला मराठी उपासना सहज सापडते. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर बसलात तर नवापूरपासून जळगावपर्यंत बऱ्याच गावांत एखादं तरी चर्च आहे.

ढोबळ मानाने तीन प्रकार लक्षात ठेवा. कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरू म्हणजे फादर, रविवारच्या विधीला मिस्सा म्हणतात, सगळं ठरलेल्या क्रमाने चालतं. आपला भाग नाशिक धर्मप्रांतात येतो, तो 1987 साली वेगळा झाला. प्रॉटेस्टंट मंडळीत पाळक असतात, बोलताना त्यांना पाळकसाहेब म्हणतात, आणि भर उपदेशावर असतो. तिसरी पेंटेकॉस्टल पद्धतीची सभा: मोठ्याने प्रार्थना, टाळ्या, डोळ्यांत पाणी, रोगमुक्तीच्या साक्षी. ज्याचा संशय बुद्धीचा आहे त्याने पहिल्या खेपेला शांत जागा निवडावी, असं माझं मत. मोठ्या आवाजाने भारावून जाणं आणि पटणं यांतला फरक नवख्याला कळत नाही. मलाही कळला नव्हता.

जाण्याआधी फोन करा. "मी ख्रिस्ती नाही, मला बसून ऐकायचं आहे" एवढं सांगितलं की पुरतं. कुणीही नाही म्हणत नाही. नाताळला पहिल्यांदा जाऊ नका. त्या दिवशी गर्दी, नवे कपडे, करंज्या, मुलांची नाटकं, आणि पाळकांना श्वास घ्यायला वेळ नसतो. साधा रविवार बरा. त्याहून बरा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. मार्च-एप्रिलच्या उन्हात दुपारी बारा ते तीन लोक उपाशी बसून वधस्तंभावरच्या येशूचे सात उद्गार ऐकतात. त्यांतला एक मार्कच्या पंधराव्या अध्यायात त्याच्या मातृभाषेतच नोंदवलेला आहे: एलोई, एलोई, लमा सबख्थनी. माझ्या देवा, तू मला का सोडलंस? आमच्या गिऱ्हाइकांपैकी एका शेतकऱ्याने कर्जापायी जीव दिला होता. त्याच्या घरी जाऊन आल्यावर मी देव या शब्दाला कंटाळलो होतो. त्या शुक्रवारी हे वाक्य ऐकलं आणि पहिल्यांदा वाटलं, देवाशी भांडायला इथे जागा आहे, देवाच्या पुत्रानेही तेच विचारलं आहे. मला उत्तर मिळालं नाही. सोबत मिळाली.

रविवारी काय होतं

चपलांचं आधी. शहरातल्या बाकांच्या चर्चमध्ये सहसा घालूनच आत जातात. खेड्यात सतरंजी असते, तिथे बाहेर काढतात, आणि बऱ्याच ठिकाणी पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. दारातल्या चपला बघा म्हणजे कळेल. कपडे रोजचेच, नीटनेटके. सलाम किंवा जय ख्रिस्त म्हणून कुणी हात पुढे करेल. तुम्ही नमस्कार केलात तरी चालतं.

प्रॉटेस्टंट उपासनेत आधी गीतं. "उपासना संगीत" नावाचं गीतांचं पुस्तक असतं. शेजारचा माणूस पान काढून देतो. पहिल्याच रविवारी मला धक्का बसला, कारण चाल अभंगाची होती. रचना होती ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक यांची. मग प्रार्थना, शास्त्रवाचन, अर्धा-पाऊण तास उपदेश, अर्पण, शेवटी आशीर्वाद. दीड-दोन तास धरून चला. अर्पणाची थैली समोर आली की काही टाकलं नाही तरी कुणी बघत नाही, थैली पुढे सरकवा. कॅथलिक मिस्सा साधारण तासाभराची, त्यात उठणं-बसणं-गुडघे टेकणं जास्त. इतर उठले की उठा, गुडघे टेकायचे नसतील तर शांत बसून राहा.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट, तिथे आपली माणसं हमखास चुकतात. पाळक भाकर आणि द्राक्षरस वाटतात, फादर छोटी गोल पातळ भाकर देतात. आपल्याला वाटतं प्रसाद आहे, नको म्हणणं बरं दिसत नाही. पण तो प्रसाद नव्हे. त्याला प्रभुभोजन म्हणतात, आणि ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं, कॅथलिकांत तर कॅथलिकांसाठीच. तुम्ही जागेवर बसून राहायचं. यात कुणाचा अपमान नाही, उलट घेतलंत तर त्यांच्या जिवाला लागतं. मला आधी हे खुपलं होतं. मग कानबाईच्या नैवेद्याचे रोट आठवले. रोट आपण भाऊबंदकीबाहेर कुणाला देत नाही, जिवलग मित्राला सुद्धा नाही. त्यात मित्राचा अवमान नसतो, ते त्या घरातलं नातं असतं. हे त्यांच्या घरातलं आहे, एवढं कळलं की खुपणं थांबतं.

उपासना संपल्यावर लगेच निघू नका. खरी ओळख बाहेर चहाच्या कपाशी होते. इथेच तुम्हाला कळेल की ही माणसंही कांद्याच्या भावाबद्दल, पोरीच्या ॲडमिशनबद्दल, सासूबद्दल बोलतात. डिसेंबरात इथे भरीत आणि कळण्याच्या भाकरीची पंगत बसते, आणि वांगी भाजण्यावरून पुरुषमंडळींत वाद होतात. मंडळीत भांडणंही असतात, जातीच्या भिंतीही पूर्ण पडलेल्या नाहीत, कमिटीच्या निवडणुका गावाच्या सोसायटीसारख्या रंगतात. हे लवकर पाहिलेलं चांगलं. येशूला जोखायचं असेल तर येशूवरून जोखा आणि माणसांना माणसं म्हणून बघा.

प्रश्न कुणाला विचारायचे

चार-पाच रविवार झाले की पाळकांना किंवा फादरना वेळ मागा आणि वही घेऊन जा. "तुम्ही सांगता ते मला पटत नाही" असं सरळ म्हणा. जो पाळक चिडत नाही आणि "मला माहीत नाही" असं कधीतरी म्हणतो, त्याला धरून राहा. आमच्या पाळकांनी माझे अकरा प्रश्न ऐकले, सातांना उत्तर दिलं, दोघांवर माझ्याबरोबर वाद घातला आणि उरलेल्या दोघांपुढे वहीत स्वतःच्या हाताने प्रश्नचिन्ह काढलं.

ज्यांनी ही वाट मराठीत आधी चालली त्यांची चरित्रं वाचा. टिळक 1893 साली नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी, म्हणजे मत्तयाच्या त्याच 5 ते 7 अध्यायांपाशी, ते थबकले आणि 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तो घाव पचवायला पाच वर्षं लागली, 1900 मध्ये त्याही आल्या, पण आपल्या बुद्धीने आणि आपल्या वेळेला. घरचा विषय ज्यांना जाळतो आहे त्यांनी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र वाचायलाच हवं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला, आणि त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), चर्चच्या अधिकाराबद्दल त्या आपल्या गुरू असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून भांडत राहिल्या. पुढे त्यांनीच लिहून ठेवलं की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळायला आणखी आठेक वर्षं जावी लागली. त्याच रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणलं. टिळकांनी तर 1917 मध्ये "देवाचा दरबार" काढला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही शिष्य एकत्र यावेत म्हणून. मागच्या बाकावर बसणाऱ्यांसाठी शंभर वर्षांपूर्वी या भाषेत कुणीतरी जागा करून ठेवली होती, हे कळलं त्या दिवशी मला फार आधार वाटला.

प्रार्थना, जमली तर

विश्वास नसताना प्रार्थना करणं म्हणजे ढोंग, असं मला वाटायचं. पाळक म्हणाले, जेवढं खरं आहे तेवढंच बोला. म्हणून माझी पहिली प्रार्थना अशी होती: "तू असशील तर ऐक. नसशील तर मी भिंतीशी बोलतोय." रात्री दोन मिनिटं, मोठ्याने, खोलीत एकटं असताना. शब्द सुचत नसतील तर स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र घ्या. सहाच वचनांचं आहे आणि सुरुवातच "किती काळ?" अशी आहे. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, त्यात शेवटी दिलासासुद्धा नाही. दुःखात असलेल्यांच्या तोंडी असे शब्द देणारं पुस्तक मला विश्वासू वाटतं. महिनाभर करून पाहा. काही वाटलं नाही तर वहीत तसं लिहा.

घरी कसं सांगायचं

लपवू नका. आपल्याकडे बातमी एसटीच्या आधी गावात पोचते, आणि ती दुसऱ्याच्या तोंडून कळली की आईचं काळीज जास्त फाटतं. मी तीन महिने लपवलं, ती माझी चूक झाली. मावसभावाने तिला सांगितलं. ती ओरडली नाही. भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "तठे जाईसनी काय करस तू?" मी सांगितलं, ऐकतो, वाचतो, गातो. "देव सोडी दिधा का?" मी म्हणालो, नाही माय, शोधतोय.

एकदाच सगळं सांगायचा हट्टही नको. आधी आई-वडील किंवा नवरा-बायको, मग भाऊ-बहीण. भाऊबंदकी सगळ्यात शेवटी. पुस्तक दाखवा, चर्चमध्ये चला म्हणा, पाळकांशी बोलणं करून द्या. आणि घरच्या देवांबद्दल एकही वाकडा शब्द काढू नका. नवा उत्साह असतो, जीभ सैल सुटते, आणि ज्या माणसांनी वाढवलं त्यांनाच आपण अज्ञानी म्हणून बसतो.

कानबाईचा पेच मात्र खरा आहे. ती बसते श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. पहिल्या वर्षी मी पाळकांनाच विचारलं. ते म्हणाले, तुम्ही अजून कशाला बांधलेले नाही, आईचं घर सोडून इथे येऊन बसलात तर मला आनंद होणार नाही. तो रविवार मी घरी होतो. रोटाचं दळण आणलं, पाटावर सोवळ्यात उभा राहिलो, आरतीला मनात काय चाललंय ते कुणाला सांगितलं नाही. पुढे कधी बाप्तिस्मा घेतला तर हा प्रश्न असा सुटणार नाही, याची मला कल्पना आहे. तो दोन होड्यांवर पाय ठेवण्याचा प्रश्न होईल. अजून तो दिवस आलेला नाही.

इथे मागे फिरा

कुणी पैसे, नोकरी, पोराची फी, लग्न यांच्या बदल्यात विश्वास मागितला तर उठून चालू लागा. कुणी तुमच्या मेलेल्या वडिलांना नरकात घातलं आणि त्या भीतीने हात वर करायला लावला, तरी तेच. कुणी म्हणालं घरच्यांशी बोलणं तोडा, तर तिथे परत जाऊ नका.

आणि औषधं. हे मी रागाने लिहितो आहे. नंदुरबारात सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे, रोगी घरोघर, टीबीही भरपूर. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी एका सभेत "बरी झालीस" असं ऐकून टीबीच्या गोळ्या मधेच सोडल्या. चार महिन्यांनी त्या पुन्हा दवाखान्यात, हाडांचा सापळा होऊन. प्रार्थना करा, तेल लावा, हात ठेवून घ्या, पण डॉक्टरने सांगितल्याशिवाय एक गोळी बंद करू नका. लूकला तर पौलाच्या पत्रात प्रिय वैद्य म्हटलेलं आहे.

कायद्याचंही थोडं. ऐकणं, वाचणं, चर्चमध्ये बसणं म्हणजे धर्मांतर नव्हे. राज्यघटनेचं 25 वं कलम विवेकाचं स्वातंत्र्य देतं. पण बाप्तिस्म्यापर्यंत जाण्याआधी अनुसूचित जातीतल्या वाचकांनी हे नीट समजून घ्यावं की 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो, ख्रिस्ती झाल्यावर जातो. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्माला बांधलेला नाही. त्या वेळी लागू असलेले नियम वकिलाकडून विचारून घ्या. मंडळीतल्या ऐकीव सल्ल्यावर विसंबू नका.

किती दिवस

मला विचाराल तर एक पूर्ण वर्ष. म्हणजे नाताळ, राखेचा बुधवार, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार, ईस्टर, सगळं एकदा नजरेखालून जातं, आणि मंडळीतलं एक लग्न आणि एक मयतही. मयतीला आवर्जून जा. ख्रिस्ती माणूस कबरेशी उभं राहून काय म्हणतो, काय गातो, ते बघितल्याशिवाय पुनरुत्थानावरचा वाद निव्वळ कागदावर राहतो.

बाप्तिस्म्याची घाई स्वतः करू नका आणि दुसऱ्याला करू देऊ नका. कॅथलिकांकडे प्रौढांची तयारी साधारण वर्षभर चालते, इतरांकडे काही आठवडे ते काही महिने शिक्षण देतात. जिथे पहिल्याच महिन्यात नदीवर न्यायला बघतात, तिथे थांबा म्हणायचं.

माझ्या वहीतले दोन प्रश्न तसेच आहेत. दर रविवारी घरी आलो की आई ओट्यावर बसलेली असते. गेल्या पावसाळ्यापासून ती विचारते, "आज काय वाचं रे तठे?" मी सांगतो. लूकच्या पंधराव्या अध्यायातली बाई तिला आवडली आहे: दहा नाण्यांतलं एक हरवतं म्हणून दिवा लावते, सगळं घर झाडून काढते, सापडल्यावर शेजारणींना हाका मारते. आईने ती दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, शेजारणींना बोलावलं म्हणजे चहालाच एका नाण्याहून जास्त गेलं असेल. हे मी पुढच्या रविवारी पाळकांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी त्यांच्या बायबलात त्या ओळीशेजारी पेन्सिलने ते लिहून घेतलं.